तारा की अलाइनर? आधी दात कुठे न्यायचे ते ठरू द्या

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ३६. वरचे पुढचे दात बाहेर झुकलेले, डावीकडचा वरचा सुळा वळलेला, खालचे चार दात दाटीत एकमेकांवर चढलेले. एका डॉक्टरांनी वरच्या दोन उपदाढा काढून धातूच्या तारा लावायला सांगितलं आणि दोन वर्षं लागतील म्हणाले. दुसऱ्यांनी तोंडाचा स्कॅन घेतला, संगणकावर दात सरळ होताना दाखवले आणि एकही दात न काढता पारदर्शक अलाइनरने, म्हणजे दातांवर बसवायच्या काढता-घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांनी, आठ महिन्यांत काम होईल असं सांगितलं. तुम्हाला दिवसभर लोकांसमोर बोलावं लागतं, त्यामुळे मन अलाइनरकडे ओढतंय. शिवाय १३ वर्षांच्या मुलाचेही दात पुढे आहेत, त्याचंही तुम्ही विचारलंय.

गेली २२ वर्षं मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारी डॉक्टर, म्हणून काम करतेय आणि तारा, अलाइनर दोन्ही लावते. दोन डॉक्टरांनी दोन उपकरणं सुचवली असं तुम्हाला वाटतंय. मला मात्र त्यांनी सुचवलेल्या उपचारांचे शेवटच वेगळे दिसतात. पहिल्या आराखड्यात पुढचे दात मागे जाणार आहेत. दुसऱ्यात ते बहुधा आहेत तिथेच राहून, कदाचित आणखी थोडे पुढे येऊन, ओळीत बसणार आहेत. उपदाढा काढून अलाइनर लावता येतात आणि न काढता ताराही लावता येतात. त्यामुळे दात काढायचे की नाही हा प्रश्न आधी सोडवायला हवा. धातू की प्लास्टिक हे त्यानंतर.

दाटी म्हणजे जागेचा तुटवडा. दातांची रुंदी आणि जबड्याची कमान मोजून तो मिलिमीटरमध्ये काढता येतो. तुटवडा ४ मिलिमीटरपर्यंत असेल आणि दात बाहेर झुकलेले नसतील, तर सहसा दात काढावे लागत नाहीत. तो १० च्या पुढे गेला की बहुतेक वेळा काढावेच लागतात. मधल्या पट्ट्यात ओठांची ठेवण, हिरड्यांची जाडी, चेहऱ्याची बाजूने दिसणारी रेषा असं सगळं बघून ठरवतात, आणि तिथे दोन प्रामाणिक डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. त्यामुळे यांच्यापैकी कुणीतरी फसवतंय असं लगेच धरून चालू नका.

दात न काढता जागा करायचे मार्ग मोजकेच आहेत. कमान थोडी रुंद करायची, दाढा मागे सरकवायच्या, पुढचे दात बाहेर झुकवायचे किंवा दातांच्या कडा बारीक पट्टीने घासायच्या. या घासण्याला आम्ही स्ट्रिपिंग म्हणतो. दोन दातांच्या मध्ये दोन्हींचं मिळून फार तर अर्धा मिलिमीटर इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, काढतात, खालच्या पुढच्या बारीक दातांमध्ये त्याहून कमी. तुमच्या खालच्या दाटीसाठी हा उपाय पुरू शकेल. वरच्या दातांचं तसं नाही. ते मागे न्यायचे तर मागे मोकळी जागा हवी. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. एवढी जागा दोन्ही बाजूंना घासून मिळत नाही.

एक गोष्ट घरी करून बघा. आरशासमोर बसा, चेहरा सैल सोडा आणि ओठ मिटा. ओठ सहज मिटले तर दात थोडे बाहेर असले तरी चेहऱ्याने त्यांना सामावून घेतलेलं आहे. ओठ मिटताना जोर लावावा लागत असेल आणि हनुवटीवर खळगे पडत असतील, तर दात नुसते ओळीत बसवून तुमचं समाधान होणार नाही. दात सरळ झाल्यावर ‘पण ते अजून पुढेच दिसतात’ म्हणत आलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. त्यांच्या उपचारात तांत्रिक चूक नव्हती. त्यांना काय हवं आहे हे सुरुवातीला कुणी विचारलेलंच नव्हतं.

आता आठ महिन्यांबद्दल. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा एक पातळ पडदा असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा. दाताला हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला पडदा दबतो तिथलं हाड पेशी हळूहळू खाऊन टाकतात, आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवं हाड भरतं. ही गती शरीराची असते, उपकरणाची नाही. महिन्याला १ मिलिमीटर म्हणजे उत्तम सरकला असं आम्ही समजतो. जास्त जोर लावला तर पडद्याचा रक्तपुरवठा दबतो, दात उलट अडून बसतो आणि मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. उपदाढ काढून झालेली ७ मिलिमीटरची जागा बंद करणं, मुळं समांतर आणणं आणि मग वरखालचा चावा नीट बसवणं हे काम कोणत्याही उपकरणाने आठ महिन्यांत होत नाही. म्हणजे आठ महिन्यांच्या आराखड्यात दात फार थोडे हलणार आहेत. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर तो आराखडा अगदी योग्य आहे. त्याची तुलना दोन वर्षांच्या आराखड्याशी मात्र करू नका.

हाड एकाच गतीने बदलत असेल तर दोन्ही उपकरणांत फरक कशाचा? पकडीचा.

तारांच्या उपचारात प्रत्येक दातावर ब्रॅकेट नावाची एक छोटी पकड चिकटवतात आणि त्याच्या खाचेतून तार जाते. खाच चौकोनी असते, ही कल्पना अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १९२८ साली मांडली आणि आजही सगळं तिच्यावरच उभं आहे. सुरुवातीला गोल, लवचीक तार घालतात आणि ती दात ओळीत आणते. नंतर चौकोनी तार घालतात. चौकोनी खाचेत चौकोनी तार बसली की ती दाताला पीळ देऊ शकते. म्हणजे दाताचं टोक जागेवर ठेवून हाडातलं मूळ हलवता येतं. १९७० च्या दशकात निकेल-टायटॅनियमच्या तारा आल्यावर सुरुवातीचा टप्पा फार सोपा झाला, कारण ही तार कितीही वाकवली तरी आपल्या मूळ आकाराकडे सावकाश, हलक्या जोराने परत येते.

अलाइनर दाताला धरत नाही, टोपीसारखा त्याच्यावर बसतो आणि ढकलतो. एकामागून एक साच्यांनी दात थोडे थोडे सरकवायची कल्पना हॅरॉल्ड केसलिंग या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टनी १९४५ मध्येच मांडली होती. पण प्रत्येक टप्प्याला दात मेणात हाताने हलवून साचा करावा लागे. त्रिमितीय स्कॅन आणि छपाई आल्यावर, १९९९ पासून, इनव्हिझलाइन या ब्रँडच्या रूपाने ती बाजारात आली. एक अलाइनर दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा. प्लास्टिक गुळगुळीत, दातही गुळगुळीत. म्हणून पकड मिळावी यासाठी दातांवर त्यांच्याच रंगाच्या फिलिंगचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. पहिल्या भेटीत याबद्दल बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत. मग दहा-बारा दातांवर हे उंचवटे बसले की माणूस हिरमुसतो. लांबून ते दिसत नाहीत, पण ‘काहीच कळणार नाही’ हे खरं नाही.

पटाशीचे दात चपटे असल्यामुळे प्लास्टिकला ते फिरवणं सोपं जातं. सुळे आणि उपदाढा गोलसर असतात, त्यांच्यावर प्लास्टिक निसटतं. दात हाडातून खाली ओढून आणणंही त्याला जड जातं. मूळ आणि टोक एकत्र लांब अंतर सरकवायला गेलं तर दात कलंडतो.

हे माझं एकटीचं मत नाही. संगणकावर ठरवलेली हालचाल तोंडात प्रत्यक्ष किती झाली हे एका अमेरिकन अभ्यासात मोजलं गेलं आणि तो २००९ साली छापून आला. सरासरी निघाली ४१ टक्के. साहित्य आणि सॉफ्टवेअर सुधारल्यावर तसंच मोजमाप पुन्हा झालं, २०२० मध्ये ते आलं आणि सरासरी ५० टक्क्यांवर गेली. म्हणून अलाइनर निकामी ठरतात असं नाही. पहिल्या संचानंतर पुन्हा स्कॅन करून दुसरा, कधी तिसरा संच मागवावा लागतो. त्याला रिफाइनमेंट म्हणतात. अनुभवी डॉक्टर हे आधीच धरून चालतात. तुम्ही पाहिलेल्या चित्रफितीत दात लोण्यातून सुरी फिरावी तसे सरकले असतील. तो आराखडा आहे. त्यात तुमचं हाड, हिरड्या आणि तुम्ही विसरलेले तास धरलेले नाहीत.

माझी एक चूक सांगते. अलाइनरचं काम सुरू केल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी एका तरुणीच्या चार उपदाढा काढून पूर्ण उपचार अलाइनरने आखला. पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. अकराव्या महिन्यात दोन्ही बाजूंचे दात मोकळ्या जागेत कलंडले, पुढचे दात खाली आले आणि मागच्या दाढा एकमेकींना टेकेनाशा झाल्या. ती अलाइनर मनापासून घालत होती. आखणीत चूक माझी होती. शेवटी तारा लावून आणखी चौदा महिने काम करावं लागलं आणि ते मी वेगळे पैसे न घेता केलं. आज उपदाढा काढलेल्या काही रुग्णांना मी अलाइनर लावते, पण त्यांना सुरुवातीलाच सांगते की मधले पाच-सहा महिने तारा लावाव्या लागू शकतात. तशी तयारी नसेल तर आधीपासूनच तारा.

काही बाबतीत अलाइनर खरोखर सरस आहेत. हलकी ते मध्यम दाटी, पुढच्या दातांमधल्या फटी, लहानपणी तारा लावून झाल्यावर पुन्हा थोडे वाकडे झालेले दात. पुढचे दात किंचित उघडे राहतात अशा चाव्यातही त्यांचा उपयोग होतो, कारण मागच्या दाढांवर प्लास्टिकचा थर बसून त्या थोड्या आत दबल्या जातात. कुणाच्या दाढांवर सिरॅमिक कॅप असतील तर त्यांच्यावर ब्रॅकेट नीट चिकटत नाहीत आणि वारंवार निघतात. तिथे अलाइनरचा त्रास कमी. निकेलची ॲलर्जी असेल किंवा डोक्याचं एमआरआय वारंवार करावं लागत असेल, तर धातूपेक्षा प्लास्टिक बरं. एखादा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, असेल तर तो मात्र कशानेही हलत नाही, त्याला धरूनच आखणी करावी लागते.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टींवरून, एक्स-रे न बघता, माझा अंदाज असा आहे. ओठ सहज मिटत असतील आणि दात ओळीत आले की तुम्ही समाधानी असाल, तर खालचे दात घासून अलाइनर हा चांगला मार्ग आहे. फक्त आठऐवजी बारा-चौदा महिने धरा. तो वळलेला सुळा वेळ खाणार. ओठ मिटायला जोर लागत असेल आणि दात मागे जायला हवे असतील, तर मी तारांकडे झुकेन. धातू दिसण्याची अडचण असेल तर निदान वरच्या दातांना सिरॅमिकचे ब्रॅकेट लावा. ते दातांच्या रंगाचे असतात, बोलताना हातभर अंतरावरून फक्त बारीक तार दिसते. धातूपेक्षा ते थोडे जाड आणि ठिसूळ असतात एवढंच. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या ताराही मिळतात. त्या अजिबात दिसत नाहीत, पण जिभेला खूप दिवस टोचतात आणि तुमचं काम बोलण्याचं आहे.

आता तास. अलाइनर दिवसात २० ते २२ तास तोंडात हवा, म्हणजे खाणं, पाण्याशिवाय काहीही पिणं आणि दात घासणं या सगळ्याला मिळून दोन ते चार तास. दर वेळी काढायचा, खाऊन दात घासायचे, परत घालायचा. दिवसातून सहा वेळा घोट-घोट चहा-कॉफी घेणाऱ्याचं गणित इथेच बिघडतं. तारा तुम्हाला न विचारता चोवीस तास काम करतात. अलाइनर तुम्ही घातला तरच काम करतो. काही दिवस बारा-चौदा तासच घातला की दात मागे राहतो, पुढचा अलाइनर त्याच्यावर बसत नाही, कडेला मोकळी फट दिसते, आणि तरीही माणूस पुढचे अलाइनर बदलत राहतो. अशा अवस्थेत आलेल्यांना नवा स्कॅन करून जवळपास पहिल्यापासून सुरू करावं लागतं. निर्णय घेण्याआधी एक आठवडा फक्त नोंद ठेवा, दिवसात किती वेळा आणि किती वेळ तोंडात काहीतरी जातं. ही वही माझ्या सल्ल्याइतकीच उपयोगाची ठरेल.

बोलण्याचं म्हणाल तर अलाइनर घातल्यावर पहिले काही दिवस ‘स’ आणि ‘श’ थोडे बोबडे येतात. मोठ्याने वाचायचा सराव केला की जातं. दुखणं दोन्हीकडे असतं, नवी तार किंवा नवा अलाइनर आला की दोन-तीन दिवस दात हुळहुळतात. तारांमध्ये गालाला टोचण्याची भर पडते, त्यावर मेण लावतात.

हिरड्यांचं मात्र मी कुणालाही सोडत नाही, आणि ३६ व्या वर्षी तर नाहीच. हिरड्यांतून रक्त येत असेल, दातांखालचं हाड खाली गेलेलं असेल, तर आधी हिरड्यांचे उपचार, मगच दात हलवायचे. सुजलेल्या हिरडीत दात हलवला तर उरलेलं हाडही जातं. अलाइनर काढता येतो, त्यामुळे घासणं आणि फ्लॉस करणं सोपं असतं, हा त्याचा मोठा फायदा. तारांमध्ये ब्रॅकेटभोवती अन्न अडकतं. नीट घासलं नाही तर महिनाभरातही दातावर पांढरट डाग उमटायला लागतात. ते इनॅमल कमकुवत झाल्याचे डाग असतात आणि तारा काढल्यावरही राहतात. फ्लोराइडची पेस्ट, तारांसाठीचा छोटा ब्रश आणि रात्री आरशासमोर पाच मिनिटं, एवढं जमणार नसेल तर तारा लावू नयेत. अलाइनर घालून गोड पेय पिणारेही स्वतःचे दात तितकेच किडवून घेतात, कारण साखर प्लास्टिकच्या आत दाताला चिकटून बसते आणि लाळ तिथे पोचत नाही.

घरी साचा घेऊन पाठवायचा आणि टपालाने अलाइनर मागवायचे, असंही काही जण करतात. एक्स-रेशिवाय मुळं किती लांब आहेत, हाड किती उरलंय, एखादा दात आत अडकलाय का, हे कुणालाही दिसत नाही. तो मार्ग घेऊ नका.

मुलाचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे, आणि त्याला तुमच्या आधी दाखवा. तेराव्या वर्षी दात पुढे दिसण्याचं कारण पुष्कळदा दात नसतातच, खालचा जबडा मागे राहिलेला असतो. मुलांच्या वाढीचा जोर साधारण याच सुमारास, चौदाव्या वर्षाच्या आसपास असतो. या काळात ट्विन ब्लॉकसारख्या काढ-घालीच्या उपकरणाने खालचा जबडा पुढे धरून ठेवता येतो आणि वाढीचा फायदा मिळतो. अलाइनरमध्येही आता अशी सोय आहे. दोन वर्षांनी आलात तर हा मार्ग बराचसा बंद झालेला असेल, मग दात काढून झाकपाक करायची किंवा मोठेपणी शस्त्रक्रिया. पुढे आलेले दात खेळताना पडून तुटण्याचा धोकाही जास्त असतो. त्याचे चारही सुळे आलेत का तेही विचारा. अक्कलदाढेखालोखाल वरचा सुळाच हाडात सर्वाधिक अडकतो, आणि त्याला बाहेर ओढायला तारच हवी. अलाइनर की तारा हे त्याच्या बाबतीत तो जबाबदारीने किती तास घालेल यावर ठरेल. काही मुलं मोठ्यांपेक्षा नेमाने घालतात. काहींचे अलाइनर खिशात फुटतात. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटा, आणि दोघांनाही तेच चार प्रश्न विचारा. उपचार संपल्यावर माझे वरचे पुढचे दात आजच्यापेक्षा किती मिलिमीटर मागे किंवा पुढे असतील? अलाइनरची चित्रफीत शेवटच्या चौकटीवर थांबवा आणि ती बाजूने फिरवून दाखवायला सांगा, समोरून सगळेच दात छान दिसतात. किती दातांवर अटॅचमेंट लागतील, आणि रिफाइनमेंटचे संच ठरलेल्या फीमध्येच आहेत का? अर्ध्यात तारांची गरज पडली तर त्या कोण लावणार? आणि रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात तिथेच धरून ठेवणारं साधन, कोणता, किती काळ? याचं उत्तर ‘सहा महिने’ असं आलं तर सावध व्हा. दाताभोवतीच्या हिरडीतले लवचीक तंतू नव्या जागेला जुळायला वर्षभर घेतात, आणि खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीकडे सरकतच राहतात, ज्यांनी कधीच उपचार घेतले नाहीत त्यांचेही. मी माझ्या रुग्णांना खालच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवून देते आणि वरच्यासाठी रात्री घालायचा रिटेनर, दात सरळ हवे आहेत तोवर.